स्टार्टअपला उधारीवर माल द्यायचाय, फाउंडरची पारख कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या वहिनीचा भांडुपला भाजणी, मेतकूट, मसाल्यांचा छोटा उद्योग आहे. गिऱ्हाईक म्हणजे आसपासची दुकानं, मुलुंड-ठाण्याचे ओळखीचे आणि दिवाळीच्या ऑर्डरी. रोख, नाहीतर आठवड्याची उधारी. आता पवईच्या एका हेल्दी स्नॅक्सवाल्या ब्रँडनं थालिपिठाची भाजणी त्यांच्या पाकिटात भरून द्याल का, असं विचारलंय. (नाव देत नाही, अजून व्यवहार व्हायचाय.) दर महिन्याची ऑर्डर, वहिनीच्या सध्याच्या अख्ख्या धंद्याएवढी. अट एकच, पैसे बिलापासून ६० दिवसांनी. म्हणजे दोन महिन्यांचं धान्य, दळण, मजुरी आमच्या खिशातून. मध्येच पार्टीनं हात वर केले तर वहिनी बसली.

फाउंडर तिशीतला, बोलायला गोड. पॉडकास्टमध्ये ‘घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांना आम्ही मोठं करतोय’ वगैरे सांगतो. वहिनीला तो आवडला. दादाला नाही आवडला, पण दादाला कोणीच आवडत नाही.

उघड मिळतं ते थोडं पाहिलं. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर कंपनी सापडली, स्टेटस अ‍ॅक्टिव्ह. सीआयएनमधलं (कंपनीच्या नोंदणी क्रमांकातलं) साल २०२१, वेबसाइटवर मात्र ‘सिन्स २०१६’. शेवटचा ताळेबंद एक वर्ष मागचा. फाउंडरच्या नावावर आधीची एक कंपनी निघाली, ती स्ट्राइक ऑफ (सरकारी यादीतून काढलेली). ट्रेडमार्क खाद्यपदार्थांच्या क्लास ३० मध्ये ‘ऑब्जेक्टेड’ दिसतोय, पण पाकिटावर गोलातला आर (नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कची खूण) छापलाय. कंपनी तोट्यात आहे, आणि स्टार्टअप तोट्यातच असतात असं सगळे म्हणतात. मग घाबरायचं नेमकं कशाला? यातलं काय गंभीर आणि काय किरकोळ, हे कळत नाहीये.

ताळेबंद
मी सीए आहे. फाउंडर हौसेनं जे लिहितो ते बाजूला ठेवा: लिंक्डइन, मुलाखती, अवॉर्डं. कायद्यानं जे लिहावं लागतं आणि खोटं लिहिलं तर अंगाशी येतं, तेवढंच वाचा.

एमसीएवर लॉग-इन करून १०० रुपये भरले की कंपनीचे सार्वजनिक कागद बघायला मिळतात. त्यातला एओसी-४ हा वार्षिक हिशेबाचा फॉर्म उघडा. ताळेबंद आणि ऑडिटरचा अहवाल त्यालाच जोडलेला असतो. तोटा किती ते नंतर बघा, आधी ‘ट्रेड पेयेबल्स’कडे, म्हणजे पुरवठादारांच्या देण्याकडे जा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं तिथे वेगळं दाखवावं लागतं, आणि २०२१-२२ पासून ते किती जुनं आहे याचा तक्ताही द्यावा लागतो. वर्षाच्या आतलं, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, त्याहून जुनं, असे रकाने असतात. वर्षाच्या पुढच्या रकान्यात बरा आकडा दिसला, तर ती कुणाच्या तरी वहिनीची उधारी आहे असं समजा.

मग बँकेतली शिल्लक वर्षाच्या तोट्याशी ताडून बघा. समजा तोटा दोन कोटी आणि शिल्लक वीस लाख, तर पुढचं फंडिंग येईपर्यंत गाडी पुरवठादारांच्या पैशावर चाललीय. नुसता तोटा हा दोष नाही. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तोट्यातच होती. पहिला नफा एप्रिल-जून २०२३ च्या तिमाहीत दिसला, तोही २ कोटींचा. पण मधल्या काळात तग धरायला तिच्याकडे पैसा होता. तुमच्या पार्टीची फंडिंगची बातमी आली असेल तर पीएएस-३ फॉर्म बघा. कुणाला किती शेअर, कुठल्या भावानं दिले ते त्यात असतं. पेपरात पाच कोटी येतात, खात्यात हप्त्याहप्त्यानं.

ताळेबंद मागे असणं मी हलक्यात घेणार नाही. मार्चअखेरीच्या हिशेबाची एजीएम (भागधारकांची वार्षिक सभा) साधारण ३० सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर ३० दिवसांत एओसी-४, असा नियम आहे. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचे २०२०-२१ चे आकडे थेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले, ४,५८८ कोटींचा तोटा घेऊन. ते आकडे अडकलेले असतानाच, मार्च २०२२ मध्ये, कतारच्या फुटबॉल विश्वचषकाचं प्रायोजकत्व जाहीर झालं होतं. जून २०२३ मध्ये त्यांच्या ऑडिटरनं, डेलॉइटनं, हिशेबाला होणाऱ्या उशिराचं कारण देऊन ऑडिट सोडलं. तेव्हा ऑडिटर मध्येच बदललाय का, तेही बघून घ्या.

खारघरची
मी स्वतः एक कंपनी बंद केलीय, म्हणून स्ट्राइक ऑफवर बोलते. देणी चुकती करून स्वतः अर्ज देऊन बंद केलेली कंपनी वेगळी. रिटर्न भरली नाहीत म्हणून रजिस्ट्रारनं यादीतून काढलेली वेगळी. दोन्हींपुढे शब्द तोच दिसतो, पण आतले कागद बघितले की कळतं. पहिल्या प्रकारातला माणूस मला तर जास्त भरवशाचा वाटतो.

‘सिन्स २०१६’चं एवढं मनावर घेऊ नका, आधी प्रोप्रायटरशिप असू शकते. ‘ऑब्जेक्टेड’ही नेहमीचंच आहे, ट्रेडमार्क कार्यालयानं शंका काढलीय एवढाच त्याचा अर्थ. ‘अपोज्ड’ असतं तर दुसरं कुणीतरी त्या नावावर भांडतंय असं झालं असतं. गोलातला आर मात्र चूकच. नोंदणी नसताना तो वापरणं ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली गुन्हा आहे. टीएम चालतं. बहुतेक डिझायनरनं टाकला असेल. फाउंडरला सरळ सांगा आणि काय उत्तर येतं ते बघा. ‘अरे हो, बदलतो’ म्हणणारा आणि ‘सगळेच टाकतात’ म्हणणारा, यांच्यापैकी कुणाला उधारी द्यायची ते वहिनींना कळेल.

आणि त्याच्या घरचा पत्ता, बायकोचं इन्स्टा, कॉलेज यात शिरू नका. शोभत नाही, आणि हाती काही लागतही नाही. आयआयटीचा आहे म्हणून उधारी देणारे पवईत पुष्कळ सापडतील.

पाकीटवाला
मी अशा ब्रँडना पाउच पुरवतो. ताळेबंद वर्षाने येतो हो, पाकीट आजचं असतं. ब्रँडचं पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरात ‘मार्केटेड बाय’ ब्रँडचं नाव असतं, आणि माल बाहेरून बनवून घेतला असेल तर ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ पुढे दुसऱ्याचंच नाव-पत्ता. सोबत १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर, तो त्यांच्याच फॉसकॉसच्या साइटवर तपासता येतो. आता त्याच ब्रँडचं जुन्या बॅचचं पाकीट शोधा. दुकानात मागच्या रांगेत मिळतं, नाहीतर ऑनलाइन जुने फोटो असतात. उत्पादक बदललेला दिसला तर जुन्याला फोन लावा. ‘का सोडलंत’ विचारू नका, त्याला दोन बाजू असतात. ‘पैसे कितव्या दिवशी यायचे’ एवढंच विचारा.

अजून एक. कंपनीत वीसेक माणसं असतील तर ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) साइटवर आस्थापना शोधा, कुठल्या महिन्यात किती जणांचा पीएफ भरला ते दिसतं. एका पार्टीचा आकडा असाच महिन्यागणिक उतरताना बघितला आणि मी अ‍ॅडव्हान्सशिवाय पाउच सोडणं बंद केलं.

भांडुपवाला (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. आधी पाकीटच केलं. स्टेशनजवळच्या दुकानात त्यांच्या नाचणी चिप्सची दोन बॅचची पाकिटं मिळाली. जुन्यावर उत्पादक वसईचा, नव्यावर नाशिकचा. वसईला वहिनीनंच फोन केला. ते काका म्हणाले, ‘पैसे आले सगळे, पण दर वेळी तिसरा महिना उजाडला आणि दर वेळी फोन करावा लागला. बुडवणारा नाही, रडवणारा आहे.’

१०० रुपये भरून कागदही काढले. वर्षाहून जुनं देणं नाही. ऑडिटर तोच. आधीची कंपनी त्यानं स्वतः अर्ज देऊन बंद केलेली. म्हणजे माणूस लबाड नाही, पण हात आखडता. अशा पार्टीशी धंदा करावा का? आणि केलाच तर ६० दिवसांचं काय?

ताळेबंद
करावा, पण ६० दिवस मान्य करू नका. एमएसएमईडी कायदा २००६ चं कलम १५ बघा. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या वर लांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. २०२३-२४ पासून आयकरातही असं झालंय, की मुदत उलटलेलं देणं प्रत्यक्ष चुकतं करेपर्यंत खर्चात धरता येत नाही. त्यामुळे त्यांच्या सीएला हे ४५ दिवस चांगले पाठ असणार. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र पहिल्या पीओच्या, म्हणजे लेखी ऑर्डरच्या, आधीची हवी, मागाहून केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. नंबर प्रत्येक बिलावर छापा.

भांडुपवाला
उद्यम आहे वहिनीकडे. पहिल्या खेपेला अर्धे पैसे आधी, बाकी ४५ दिवसांत, आणि आधीचं बिल मिटल्याशिवाय तिसरी खेप नाही, अशी मेल टाकलीय. खाली गोलातल्या आरबद्दलही दोन ओळी लिहिल्यात. उत्तर आलं की इथे कळवतो.

पाकीटवाला
कळवा. आणि भाजणीचा किलोचा भाव काय? भांडुपला येऊन घेऊन जाईन, रोख.