मदत हवी आहे: आयोवाच्या फुटबॉल कोचचा डाव मला कोणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

सीडर रॅपिड्सला राहून नऊ वर्षं झाली. आयोवा विद्यापीठाचं किनिक स्टेडियम अर्ध्या तासावर, त्यामुळे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला. गेली तीन वर्षं चौघांची सीझन तिकिटं काढतोय. यंदा परत काढावीत का, यावरून घरात रण माजलंय. प्रश्न पैशांचा नाही. मी नक्की काय बघतोय हेच मला कळेनासं झालंय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. तीन प्रयत्न फसले की चौथ्याला चेंडू लाथेने लांब भिरकावून समोरच्याला देऊन टाकतात, त्याला पंट म्हणतात. बाकीच्यांसाठी ही माघार. आमच्याकडे पंटर आला की स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं! टोरी टेलर हा मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन पोरगा २०२३ च्या हंगामात पंटचे ४,४७९ यार्ड मारून गेला, विक्रमच तो. पण ज्या संघाच्या पंटरला इतकं काम पडतं, त्या संघाचं बाकी काय चाललं असेल?

२०२२ ची पहिली मॅच आम्ही ७-३ अशी जिंकलो. पुण्यातल्या मेव्हण्याला स्कोअर कळवला तर म्हणाला, "वा, एक टचडाउन." (चेंडू घेऊन समोरच्याच्या गोलक्षेत्रात शिरणं; सहा गुण, वर लाथेने मिळणारा एक.) कसलं टचडाउन! एक फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारणं) आणि दोन सेफ्टी. तीन, दोन, दोन. सेफ्टी म्हणजे चेंडूवाल्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडणं, म्हणजे तेही गुण बचावफळीने मिळवलेले.

कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य कोच. २०२३ पर्यंत आक्रमण सांभाळायला त्यांचाच मुलगा ब्रायन होता. नात्यागोत्याचा नियम आड येतो म्हणून कागदोपत्री तो वडिलांच्या नव्हे, क्रीडा संचालकांच्या हाताखाली. (आपल्याकडे घराणेशाही म्हणून नाकं मुरडतो, इथे निदान कागद तरी नीट करतात.) २०२३ साठी त्याच्या करारात अट घातली: दर मॅचला सरासरी २५ गुण आणि सात विजय. विजय दहा झाले. गुणांची सरासरी १५.४. ऑक्टोबर संपता संपता त्याला हंगामानंतर निरोप मिळणार हे जाहीर झालं.

आता सांगा, दहा विजय मिळवणाऱ्याला नावं कशी ठेवू? पण चार पराभवांपैकी तीन शून्यावर आहेत. पेन स्टेटकडून ३१-०, मिशिगनकडून २६-०, आणि १ जानेवारी २०२४ ला टेनेसीकडून ३५-०. हा ठरवून खेळलेला डाव आहे, की दुसरं काही जमत नाही म्हणून त्यालाच डाव म्हणायचं? खेळ कळणाऱ्यांनी कृपया सांगावं. "एन्जॉय करा" असले सल्ले नकोत.

प्रतिसाद १
आयोवा सिटीत शिकलोय, म्हणून लिहितो. चेंडू आपल्याकडे असताना काय होतं ते बघूच नका. समोरच्याचं आक्रमण मैदानात कुठून सुरू होतं ते बघा. मैदान शंभर यार्डांचं; त्याला स्वतःच्या गोलरेषेपासून ८ यार्डांवर कोंडलं की ९२ यार्ड जायचंय, आणि समोर बचावाचे कोच फिल पार्कर यांची फळी. कॉलेजची पोरं आहेत, कुठेतरी चूक करतातच. त्या चुकीची वाट बघणं हाच डाव. कसोटीत ऑफस्टंपबाहेर टाकत राहतात ना, तसं.

प्रतिसाद २
वरच्यांशी अर्धा सहमत. वाट बघणं ठीक, पण चूक झाल्यावर तिचा फायदा उठवणारं आक्रमण नको का? क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) मॅकनमारा सप्टेंबरअखेर जायबंदी झाला, दोन्ही चांगले टाइट एंड (अडवणारे आणि चेंडू झेलणारे खेळाडू) गेले, हे मान्य. पण २०२२ ला कुठे उजेड पडला होता? आणि हिशोब बघा: १४ मॅचमध्ये केले २१६, दिले २०७. नऊ गुणांच्या जिवावर दहा विजय. मिनेसोटाविरुद्ध आपल्या डीजीनने त्यांचा पंट झेलून परत आणून केलेलं टचडाउन रद्द झालं आणि १२-१० ने हरलो, तेव्हा सगळे पंचांना शिव्या घालत होते. एका रद्द निर्णयाने मॅच जाते, कारण गाठीला दुसरं काहीच नसतं.

प्रतिसाद ३
डावपेच राहू द्या. पूर्ण हंगामाची तिकिटं घेऊ नका, दोन-तीन मॅचची सुटी तिकिटं घ्या. ब्रायनच्या जागी नवा माणूस येईल, पण मुख्य कोच तेच, त्यामुळे फार आशा ठेवू नका.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. काल नेब्रास्काची १३-१० वाली मॅच पुन्हा लावली आणि प्रतिसाद १ प्रमाणे फक्त समोरचा कुठून सुरू करतो ते लिहीत बसलो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच मजा आली. शेवटच्या क्षणी फील्ड गोलने जिंकलो, तेही आधी माहीत असून छाती धडधडली. पण प्रतिसाद २ चा हिशोब वाचल्यावर झोप लागली नाही.

तूर्त दोनच तिकिटं काढतोय, मी आणि मुलगी. तिला स्कोअरशी देणंघेणं नाही. पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे हात हलवतं, तिला त्यासाठी यायचं असतं. बायको म्हणते, तेवढं झालं की दोघं घरी या, पुढे पंटच आहेत.