बारीक, वेव्ही केसांसाठी बिनकटकटीचा कट: तुमचे अनुभव सांगा

माझे केस बारीक आहेत आणि वेव्हीही. यातलं एकच काहीतरी असतं तर बरं झालं असतं. सरळ बारीक केस निदान गुपचूप पडून राहतात, जाड वेव्ही केसांचा स्वतःचा रुबाब असतो. माझे मात्र टाळूवर चप्पट आणि कानांखाली पिंजारलेले. अकरा वर्षं पाठीपर्यंत वाढवले आणि त्यातली दहा वर्षं ते क्लचरमध्येच होते. मग वाढवले कशाला, देव जाणे.

आता कापायचं ठरवलंय. धुतले, पुसले, बोटं फिरवली आणि घराबाहेर पडले, एवढंच जमलं पाहिजे. ड्रायर नको, स्ट्रेटनर नको, सकाळी आरशासमोर वीस मिनिटं नकोत. ज्यांचे केस असे आहेत त्यांनी आपापले अनुभव लिहा. फक्त एक विनंती. ब्लो-ड्राय करून पार्लरबाहेर पडताना सगळेच कट झकास दिसतात. त्यामुळे त्या दिवसाचं कौतुक नको. घरी तिसऱ्यांदा धुतल्यावर काय दिसलं आणि तीन महिन्यांनी काय उरलं, ते सांगा. फसलेले प्रयोग आधी आले तर उत्तमच.

*

फसलेलाच सांगते. 'केसांना व्हॉल्यूम येईल' या एका वाक्यावर भुलून मी स्टेप कट केला. पहिली पायरी गालाच्या हाडापाशी, शेवटची खांद्याखाली. पार्लरमध्ये गोल ब्रशने वळवून दिल्यावर मी स्वतःच्याच प्रेमात पडले. घरी धुतल्यावर वरच्या थरातल्या आखूड केसांना वजनच उरलं नव्हतं, ते वेव्हमुळे फुगून वर आले. खाली मोजके केस उरले, ते लोंबत राहिले. मागून बघितलं तर भूछत्राखाली झिपऱ्या. बहीण म्हणाली, "उंदराने कुरतडलेत का गं?" आणि मला रागही येईना, कारण दिसत तसंच होतं.

त्यातून बाहेर यायला किती वेळ लागला ते ऐका. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. वरची पायरी खांद्यापर्यंत यायला मला सोळा महिने लागले. दर तीन-चार महिन्यांनी खालचं टोक थोडं थोडं कापून वर आणत गेले, म्हणजे दोघांची गाठ लवकर पडावी. आता गळ्याच्या हाडापर्यंत एकाच लांबीचे आहेत, खाली ब्लंट, म्हणजे टोकं एका सरळ रेषेत कापलेली, थर अजिबात नाहीत. टोकं दाट दिसतात. दोन वर्षं झाली, चार महिन्यांतून एकदा ट्रिम करते आणि विसरून जाते.

*

माझा अनुभव बरोबर उलटा. एका लांबीचा ब्लंट बॉब केला, हनुवटीच्या जरा खाली. वाळल्यावर डोक्याचा त्रिकोण. वर सपाट, खाली घंटेसारखा पसरलेला. एक केस हातात घेतला तर लागतही नाही, पण केस आहेत भरपूर, त्यामुळे असेल. पुढच्या खेपेला आतून दोन-तीन लांब थर दिले तेव्हा कुठे तो घंटेचा आकार बसला.

*

वरचे दोन्ही अनुभव खरे आहेत आणि त्यांचं भांडण नाही. मी चौदा वर्षं केस कापते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बारीक आणि विरळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक म्हणजे एकेक केस किती जाड आहे ते, विरळ म्हणजे केस किती आहेत ते. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. एक केस दोन बोटांत धरून चोळा, जाणवला नाही तर बारीक. मग पोनी बांधून ती मुठीत धरा, त्यावरून दाटपणा कळतो. बारीक आणि विरळ असतील तर थर टाळा, टोकं जाड ठेवा. बारीक पण दाट असतील तर थोडे लांब थर चालतात, नाहीतर तो त्रिकोण होतो. पहिल्या ताईंना दुसऱ्या ताईंचा आणि दुसऱ्यांना पहिल्यांचा कट दिला असता तर दोघीही रडल्या असत्या.

दुसरं, ओल्या केसांची लांबी ही चक्क थाप असते. पाण्याने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात, केस ताणले जातात. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात आणि वेव्ह परत आली की केस वर चढतात. मी वेव्ही केस ओले कापले तर दोन बोटं जास्तच ठेवते, वाळवून बघते आणि मग उरलेलं काम करते. "ओले असतानाच हनुवटीला लावा" असा हट्ट धरणाऱ्यांचा बॉब कानाशी जातो. मग माझी कात्री वाईट!

तिसरं, दातेरी कात्री, जिने केस 'हलके' करतात ती. बारीक केसांना ती हलकेपणा देऊन करणार काय? मधलेच काही केस अर्धवट कापले जातात, ते आखूड केस आत उभे राहून वरच्यांना बाहेर ढकलतात. लोक त्याला फ्रिझ समजून सीरम विकत घेत बसतात. रेझरने कापलं तर टोकं तिरपी आणि विरळ होतात, वेव्ही केसांत ती लगेच पिंजारतात. खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, "थिनिंग नको, रेझर नको." कुणी रागावत नाही. रागावलं तर उठून या.

आणि येताना केस धुऊन, आपापले वाळू देऊन, न बांधता या. पोनीचा वळ पडलेल्या केसांत मला वेव्ह कुठून सुरू होते तेच दिसत नाही. फोटो आणायचा तर त्यात केस आपल्यासारखे आहेत का ते बघा. निम्म्याहून जास्त फोटोंतल्या लहरी गरम चिमट्याने काढलेल्या असतात. 'लो मेंटेनन्स हवाय' हे तर मला रोज सगळेच सांगतात. सकाळी किती मिनिटं देणार आणि पुन्हा किती महिन्यांनी येणार, एवढे दोन आकडे दिलेत तर मला खरंच काम करता येतं.

जाता जाता: १९६०च्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेत कित्येक बायका दर आठवड्याला रोलर लावून केस सेट करून घ्यायच्या. लंडनचे केशरचनाकार विडाल ससून यांनी कटच असा द्यायला सुरुवात केली की धुतल्यावर केस आपापल्या जागी पडावेत. आपण आज जे मागतोय ते तेच. फक्त त्यांच्या त्या रेखीव कटची धार राखायला कात्री वरचेवर लागते, हे सहसा कुणी सांगत नाही.

*

अगदी! आखूड म्हणजे सोपं, या समजापायी मी पिक्सी केला होता. सकाळी दोन मिनिटं, हे खरं. पण पाचव्या आठवड्यात कानांवर पंख फुटतात. माझ्या मानेवर भोवरा आहे हे मला पस्तीस वर्षं माहीत नव्हतं. ते केस डावीकडे आडवे झोपतात, आणि आखूड केल्यावर लपवणार कुठे? सात महिन्यांत सहा वेळा खुर्चीत बसले. यापेक्षा पोनी बरी होती.

*

मी नऊ वर्षं बॉयकट ठेवलाय. मागचं आणि कानांभोवतीचं घरीच ट्रिमरने नवरा करतो, वरचे केस दोन महिन्यांतून एकदा कापून घेते. भोवरा मलाही आहे. तो दिसतो. दिसू दे.

*

पुरुषांना परवानगी आहे ना? कारण माझ्या केसांचं वर्णन तुमच्याशी शब्दन्‌शब्द जुळतंय. कॉलेजपासून बाजू एकदम आखूड, वर थोडे लांब, असंच कापत आलो. वरचे बारीक केस जेल लावून उभे करायचे आणि दुपारपर्यंत ते पडायचे. मागे एकदा पाच महिने न्हाव्याकडे जाणंच झालं नाही, केस जबड्यापर्यंत आले आणि पहिल्यांदा कळलं की मला वेव्ह आहे. आखूड असताना ती कुणाला दिसणार, एक वळण पूर्ण व्हायलाच केस पुरत नव्हते! आता मागे मानेला टेकतील आणि पुढे कानामागे जातील एवढे ठेवतो. मधला काळ मात्र भयंकर असतो. केस डोळ्यांत जातात पण कानामागे राहत नाहीत, असे दोन-अडीच महिने टोपीत काढले. आईने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

*

मी बासष्ट वर्षांची. माझी अडचण थोडी निराळी होती. गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला, हात कानाच्या वर जाईना. लांब केस विंचरायचे कसे आणि अंबाडा घालायचा कसा? सून रोज घालून द्यायची, पण मला ते नको होतं. पार्लरमधल्या मुलीला सांगितलं, "बाळ, असे काप की एका हाताने, तेही डाव्या, भागलं पाहिजे." तिने आधी मला डाव्या हाताने केस मागे सारून दाखवायला लावले. हात जिथून आरामात फिरला तिथे तिने भांग धरला, म्हणजे उजवीकडे. आयुष्यभर माझा भांग मधोमध होता. लांबी हनुवटी आणि खांदा यांच्या मध्ये ठेवली. खांद्याला टेकले की टोकं बाहेर वळतात, म्हणून त्याच्या वरच.

एक फायदा अनपेक्षित झाला. इतकी वर्षं मधोमध पडलेले केस दुसऱ्या बाजूला वळवल्यावर मुळांशी उभे राहिले आणि टाळू दिसायची ती झाकली गेली. केस पांढरे झाल्यापासून जरा जास्त कुरळेही झालेत, ते आता चांगले दिसतात. खांदा बरा झाला. केस पुन्हा वाढवले नाहीत.

*

बाळंतपणानंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून. तिसऱ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळायला लागले. बहुतेकींचं हे आपोआप थांबतं, माझंही थांबलं. पण त्या घाबरलेल्या दिवसांत मी कपाळावर जाड बॅंग्स कापून घेतले, कडा विरळ झाल्या होत्या त्या झाकायला. वेव्ही बॅंग्स! एक भाग उजवीकडे, एक डावीकडे, मधे खिडकी. घाम आला की कपाळाला चिकटायचे. कडेवर बाळ, हातात ड्रायर, आणि ड्रायरच्या आवाजाने बाळाचं भोकाड. वरून नवे उगवलेले आखूड केस पुढे उभे, ते वेगळेच. सहा महिने हेअरबॅंडवर काढले. त्या काळात कुणी काही कायमचं ठरवू नये. पोनी बांधण्याइतकी लांबी असू द्या, बाकी नंतर बघता येतं.

*

माझं मत कटबद्दल नाहीच. दोनदा कट बदलून फरक पडला नाही, केस पुसायची पद्धत बदलल्यावर पडला. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद केलं, जुन्या सुती टीशर्टने खालून वर मुठीत दाबते. ओले असतानाच लिंबाएवढं मूस (केसांना लावायचा फेस) लावते आणि वाळेपर्यंत हात लावत नाही. हेच सगळ्यात अवघड आहे. कंडिशनर फक्त टोकांना. जाड क्रीम, बटर, तेल हे बारीक केसांना गुडघ्यावर आणतं. आणि वाळलेल्या वेव्ही केसांतून ब्रश फिरवू नका, पिंजलेला कापूस होतो.

*

मीच, सुरुवात केलेली. सगळं दोनदा वाचलं आणि मग गेले.

मुठीत पोनी धरून बघितली, बारीक आणि विरळ दोन्ही निघाले. म्हणजे थर बाद. पहिल्या ताईंचा कट मागितला, पण खांद्याच्या जरा वर. "सकाळी पाच मिनिटं, आणि पुन्हा चार महिन्यांनी येईन," असं सांगितलं. कात्री चालवणाऱ्या मुलीने सवयीने दातेरी कात्री उचलली तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. ती हसली आणि खाली ठेवली. ब्लो-ड्राय नको म्हटलं, अर्धवट ओल्या केसांनी घरी आले.

काल तिसऱ्यांदा धुतले. डावी बाजू छान वळलीये, उजवी जरा बाहेर जाते, बहुतेक मी त्या कुशीवर झोपते म्हणून. मूस लावलं, पण हात न लावणं जमलं नाही. क्लचर पर्समध्ये आहे, अजून काढलेला नाही. तीन महिने व्हायचेत, तेव्हा पुन्हा लिहीन.