शब्दचर्चा : 'शेअर्ड मेमरी कॉन्फ्लिक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवरच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण करतेय. सर्व्हर सुरू करताना कधीतरी तो अडतो आणि 'आधीचा शेअर्ड मेमरी ब्लॉक (अनेक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मिळून वापरतात तो मेमरीचा तुकडा) अजून वापरात आहे' अशा अर्थाचा संदेश येतो. मसुद्यात त्या प्रकरणाचं नाव आहे 'खंडित सामायिक स्मृती संघर्ष'. मला वाचवत नाही. काही सुचवाल?

उत्तर : आधी 'खंडित' काढा. वीजपुरवठा खंडित झाला म्हणजे गेला; तुम्हाला 'कधीतरी येणारी' म्हणायचंय. 'अधूनमधून येणारी अडचण' हे साधं आणि पुरेसं आहे. 'स्मृती'ही नको, तिथे आजी-आजोबांच्या फोटोला हार दिसतो. शेअर्ड मेमरीच ठेवा, सगळे तेच म्हणतात.

उत्तर : माझा आक्षेप 'संघर्षा'ला आहे. इथे कोणी कोणाशी भांडत नाही. मुख्य प्रोसेस, म्हणजे पोस्टमास्टर, कोणीतरी 'किल -९' (तडकाफडकी बंद करण्याची आज्ञा) देऊन मारलेली असते. तिची पोरं, म्हणजे एकेका जोडणीचं काम बघणाऱ्या बॅकएंड प्रोसेस, मागे राहतात. रिकामा बसलेला बॅकएंड पालक गेल्याचं कळताच बाहेर पडतो, पण लांबलचक क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) गुंतलेल्याला ते हातातलं काम संपेपर्यंत कळतच नाही. तेवढ्यात नवा सर्व्हर उठवला की हा संदेश. पाच मिनिटांनी उठवला तर कदाचित काहीच नाही. 'अधूनमधून'चं रहस्य एवढंच.

आवृत्ती ९.३ पासून पोस्टग्रेसची बहुतेक शेअर्ड मेमरी वेगळ्या पद्धतीने घेतली जाते. युनिक्समधल्या जुन्या सिस्टिम-व्ही पद्धतीचा चिमुकला तुकडा राहिलाय तो जुनं कोणी मागे उरलं नाही ना, या राखणीसाठी. त्याला कोणी चिकटलेलं असेल तर नवा सर्व्हर उठत नाही. 'आयपीसीएस -एम' ही आज्ञा चालवलीत की किती प्रोसेस चिकटल्यात त्याचा रकाना दिसतो. तिथे शून्य नसेल तर 'पीएस'मध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) जुने बॅकएंड शोधायचे आणि 'किल'ने (-९ न लावता!) बंद करायचे.

म्हणून मी 'ताबा' म्हणेन. 'जुन्या प्रोसेसने ताबा सोडलेला नाही.'

प्रश्नकर्ती : ताबा एकाचा असतो ना? इथे तर चारजण चिकटलेले असू शकतात.

उत्तर : सातबाऱ्यावर सामाईक खातेदार असतातच की! पण मुद्दा मान्य. 'ब्लॉक अजून सुटलेला नाही' कसं वाटतं? यात 'अजून' मात्र गाळू नका. विंडोजवर पोस्टग्रेस स्वतःच एकेक सेकंद थांबून १० वेळा बघतं, मगच हात टेकतं. म्हणजे वाट बघणं त्यात गृहीतच आहे.

उत्तर : शब्द कुठलाही घ्या, पण त्या पानावर ठळक अक्षरांत लिहा की 'पोस्टमास्टर.पीआयडी' फाईल उडवू नका. सर्व्हर उठत नाही म्हटलं की लोकांचा हात आधी तिकडेच जातो. त्या तुकड्याचा क्रमांक त्याच फाईलमध्ये असतो; ती गेली की राखण ढिली पडू शकते. जुना बॅकएंड आणि नवा सर्व्हर एकाच डेटावर लिहायला लागले तर मग बॅकअप शोधत बसायचं.

प्रश्नकर्ती : लिहिते. शीर्षक मग असं : 'शेअर्ड मेमरी अजून सुटलेली नसताना'.