वर्कशॉपच्या कचऱ्यातलं सोनं काढायला छोटा स्लुइस बॉक्स, रिफल किती उंच ठेवू?

अंबरनाथचा_टर्नर
नमस्कार मंडळी. मामाचं काळबादेवीला दागिन्यांचं छोटं वर्कशॉप आहे, चार-पाच कारागीर. रोज झाडून काढलेला कचरा पोत्यात साठतो आणि मग धूळधोये (असा कचरा विकत घेऊन त्यातलं सोनं काढणारे) येऊन अंदाजाने भाव करून घेऊन जातात. मामाला वाटतं ते आपल्याला गंडवतात. मी लेथवर काम करतो, म्हटलं मीच काहीतरी बनवून देतो. यूट्यूबवर परदेशातले लोक नदीत स्लुइस बॉक्स (उतरता चॅनल, वरून पाणी वाहतं आणि जड सोनं तळाशी अडकतं) लावून सोनं काढतात ते बघून डिझाइन केलंय: ४ फूट लांब, ६ इंच रुंद अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल, आत आडव्या १ इंच उंच अँगलच्या पट्ट्या (रिफल), दर ३ इंचांवर एक. पाणी ड्रममधून कूलरच्या पंपाने वर चढवायचं आणि परत ड्रममध्येच सोडायचं, कारण तिथे पाण्याची बोंब आहे. गॅलरीत साधी रेती टाकून ट्रायल घेतली तर रेती पट्ट्यांच्या मागे घट्ट बसते, बोटाने उकरावी लागते. पट्ट्या अजून उंच केल्या तर जास्त माल अडेल का? आणि उतार किती द्यायचा?

गाळ_आणि_गणित
उंच अजिबात करू नकोस, आहे त्याहून बिघडेल. रिफल म्हणजे माल अडवायचा बांध नाही रे, मागे भोवरा तयार व्हावा म्हणून ती पट्टी असते. पाणी पट्टीच्या डोक्यावरून जातं आणि मागच्या खळग्यात गरकन खाली वळतं, त्या भोवऱ्यात हलकी रेती सारखी उचलली जाऊन पुढे वाहून जाते आणि जड कण फटीफटीतून तळाशी जातात. चालू असताना वरून बघ, पट्टीच्या मागची रेती भातासारखी रटरटत राहिली पाहिजे. तुझी घट्ट बसली म्हणजे भोवराच नाही, खळगा भरून गेला आणि आता वरून सोनं आलं तरी सपाट रस्त्यावरून गेल्यासारखं निघून जाणार.

आता कारण बघ. ६ इंच म्हणजे १५ सेंमी रुंदी, १ इंची रिफलवर निदान २ सेंमी खोल पाणी आणि वेग सेकंदाला ९० सेंमीच्या आसपास धरला, तर सेकंदाला २.७ लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ ९,७०० लिटर पाणी लागतं. कूलरचा पंप हजार-दीड हजार देणार, तोही उंची कमी असेल तर! म्हणजे पाण्याच्या मानाने बॉक्स फारच मोठा झालाय. शिवाय १ इंची हंगेरियन रिफल (वरचा ओठ पाणी जातं त्या बाजूला वाकवलेला असतो ती) नदीतल्या खड्यागोट्यांसाठी ठीक, तुझा माल पिठासारखा बारीक आहे.

असं कर: रुंदी १० सेंमीवर आण, पट्ट्या सगळ्या काढ, त्याजागी एक्सपांडेड मेटलची जाळी (पत्र्याला चिरा पाडून ताणलेली) बसव आणि खाली खरखरीत मॅट घाल, नाहीतर नुसती आडव्या खाचांची रबर मॅट. पाणी १ सेंमी खोल, वेग सेकंदाला ५० सेंमी, की तासाला १,८०० लिटरमध्ये भागतं. अर्धा एचपीचा मोनोब्लॉक पंप ते देईल, व्हॉल्व्ह लावून कमी-जास्त करता येईल. उताराची सुरुवात फुटाला १ इंच, म्हणजे मीटरला ८ सेंमी, आणि मग पायाखाली पाचर सरकवत बघत जायचं. उतार कोणी कागदावरून अचूक सांगत असेल तर त्याचा माल तुझ्यासारखा नाही एवढंच समज. जाळीचे तिरके ओठ कुठल्या दिशेला आहेत ते मात्र बघ, उलटी बसवली तर भोवरा पडत नाही, बरेच जण इथेच फसतात.

मुंबादेवी_गल्ली
वरच्या साहेबांनी पाण्याचं बरोबर सांगितलं, पण बाळा, आधी माल ओळख. आमच्याकडे हे काम वडिलोपार्जित, पूर्वी झारेकरी (सोनाराची राख-माती धुऊन सोनं काढणारे) यायचे ते मी लहानपणी बघितलेत. वर्कशॉपचा कचरा एकच नसतो. कानशीचा चुरा ड्रॉवरमध्ये वेगळा पडतो, तो धुवायचाच नाही, लोहचुंबक फिरवून लोखंड काढायचं आणि टाकणखार घालून मुशीत वितळवायचं. जमिनीवरची झाडलोट म्हणजे केस, धागे, पॉलिश पेपरची रेव, तुटलेल्या करवतीच्या पात्या आणि थोडं सोनं, ती तुझ्या बॉक्सला चालेल. पॉलिशच्या मोटरमागची धूळ मात्र मेणात आणि तेलात गुंडाळलेली असते, तिथे सोनं जड असून उपयोग नाही, ते पाण्यावर तरंगून जातं. ह्या धुळीत बरंच सोनं असतं आणि तीच तू पाण्यात घालवशील.

झाडलोट आधी लोखंडी ट्रेमध्ये सावकाश जाळायची. फुंकणी, पंखा काही लावायचं नाही, राखेबरोबर सोनं उडतं. आणि हे काळबादेवीच्या चाळीत करू नकोस, शेजारी तक्रार करतील आणि बरोबरच करतील. राख चाळून मोठे तुकडे हाताने वेच, मग चुंबक, मग बॉक्स. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाक, बारीक कण वर तरंगत नाहीत. हात धुवायच्या बेसिनखाली गाळाची टाकी आहे का बघ, नसेल तर मामाला आधी ती बसवायला सांग. पारा सोन्याला धरतो, पण त्याच्या नादी लागू नकोस. पारा जाळला की वाफ छातीत जाते, आणि पाऱ्याचा वापर आवरायच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलंय.

अंबरनाथचा_टर्नर
काका, पॉलिशची धूळ मी पण त्याच पोत्यात टाकणार होतो! बरं झालं विचारलं. पण ही रेव पण जड असते ना, मग सोनं वेगळं निघेल का?

गाळ_आणि_गणित
निघेल. हिशोब सोपा आहे, दोघांच्या घनतेतून पाण्याची १ वजा करायची आणि भागायचं. २२ कॅरेट साधारण १७.७, पॉलिश पेपरची अ‍ॅल्युमिना ४ च्या जवळपास, म्हणजे १६.७ भागिले ३, साडेपाच. हा आकडा अडीचच्या वर असला की साधारण ७५ मायक्रॉनपर्यंत (०.०७५ मिमी) पाण्याने वेगळं होतं, त्याखाली अवघड. लोखंडाशी मात्र अडीचच्या आसपासच येतं, म्हणून काका चुंबक म्हणतायत. आणि माल चाळून एकाच जाडीचा घाल, मोठी रेव आणि बारीक सोनं एकत्र गेलं तर पाण्याला दोघं सारखेच.

टेस्ट करताना सोनं वापरू नकोस. मासेमारीच्या गळाचं शिसं असतं ना, ते हातोडीने चपटं करून बारीक कापायचं, मोजून २५ तुकडे रेतीत मिसळायचे. शिशाची घनता ११.३, ते थांबलं तर तेवढ्याच आकाराचं सोनं थांबणारच. बॉक्सचे लांबीने तीन भाग धर आणि प्रत्येकातला माल वेगळा काढून बघ. बहुतेक तुकडे पहिल्या भागात सापडले पाहिजेत. शेवटच्या भागात पण दिसायला लागले म्हणजे काही बाहेर पण गेलेत.

कर्जतकर_९
विषय निघालाच आहे तर, हा बॉक्स उल्हास नदीत लावला तर काही मिळेल का? 😀

गाळ_आणि_गणित
काळी वाळू मिळेल ढीगभर. आपल्याकडे सगळा बेसाल्ट, त्यातलं मॅग्नेटाइट (लोखंडाचं जड खनिज) धुतलं की खाली बसतं, लोकांना वाटतं आता सोनं येणार. नदीतून सोनं धुतात ते तिकडे झारखंडात सुवर्णरेखेला, केरळात निलांबूरजवळ चालियारला. आणि कुठेही परवानगीशिवाय खनिज काढलं तर १९५७ चा खाण कायदा आहेच.

मुंबादेवी_गल्ली
टर्नर, नागदेवीच्या बाजारात जाऊन पंप आणि मॅट घ्यायच्या आधी एक काम कर. एक पोतं जाळून, चाळून ढीग कर, चार भाग पाड, समोरासमोरचे दोन ठेव, परत मिसळून परत चार, असं करत पाव किलोवर आण आणि रिफायनरीत फायर असे (नमुना भट्टीत वितळवून त्यात सोनं किती ते मोजायची चाचणी) करून घे. त्यावरून पोत्यात किती आहे ते कळेल. मग धूळधोया काय भाव देतो ते मामाला विचार. फरक थोडाच निघाला तर त्यालाच देत जा, तो जाळणं, धुणं, धूर सगळं अंगावर घेतो. फरक मोठा असला तर बॉक्स कर, आणि त्यातून वाहून आलेला गाळ फेकू नकोस, वाळवून ठेव, त्याचा पण असे करायचाय.

अंबरनाथचा_टर्नर
ओके काका. शनिवारी मामाकडे जातोय, पोतं त्याच दिवशी उचलतो.