जुन्या इंजिनाला एसी बसवतोय, पुल्या सुतात (एका रेषेत) येईनात. मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,

बोलणी आधीच खाऊन घेतो: हो, कॉम्प्रेसर आधी आणला आणि मापं नंतर घेतली. आता पुढचं.

गाडी 1980च्या दशकातली, चार सिलिंडर, 1.1 लिटर, कार्ब्युरेटर. मुळात एसी नव्हता. क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची) एका खाचेची, तिच्यावरचा 10 मिमीचा व्ही-बेल्ट पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. कॉम्प्रेसर मिळाला तो सँडेन 508, पाच पिस्टनचा, एका फेरीला 138 सीसी. त्याच्या क्लचवरची (एसी लावला की कॉम्प्रेसरला पुलीशी जोडतो तो) पुली 132 मिमीची, खाच 13 मिमीच्या पट्ट्याची.

आधी 10 मिमीचाच पट्टा त्या खाचेत घालून बघितला. तो थेट तळाला जाऊन टेकला. व्ही-बेल्ट पकडतो तो दोन्ही कडांनी. तळाला टेकला की नुसता घसरतो, आणि किंचाळून ते सगळ्यांना सांगतोही. मग लेथवर 120 मिमीची जादा पुली करून घेतली आणि मूळ पुलीच्या तोंडावर चार बोल्टांनी आवळली. ब्रॅकेट 8 मिमी प्लेटचा, दोन बोल्ट ब्लॉकवर, शिवाय हलू नये म्हणून एक टेकू पुढच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे बॉडीच्या आडव्या दांड्याला. गॅस 134ए भरून झालाय.

आता त्रास असा. एसी बंद असताना कितीही चालवा, पट्टा जागेवर. एसी लावून गाडीने वेग घेतला की पट्टा खाचेत उलटतो, नाहीतर उडून पडतो. तीन पट्टे गेले. बॉनेटखाली सगळीकडे काळी भुकटी. सरळपट्टी लावली तेव्हा कॉम्प्रेसरची पुली एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे निघाली (दोन पुल्यांच्या मध्यांमधलं अंतर 290 मिमी). शिम (पातळ चकत्या) घालून ती मागे आणली, तरी पट्टा उडायचा तो उडालाच.

याच इंजिनाच्या एसीवाल्या मॉडेलची दोन खाचांची क्रँक पुली मिळतेय, पुढची खाच 140 मिमी. ती घालू, की आहे तेच सुधारू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1
काचा खाली करा. ना पुली, ना पट्टा. (पळतोय.)

प्रतिसाद 2
एक सूत फारच झालं. अशा पट्ट्याला साधारण अंशाचा तिसरा हिस्सा इतका तिरपेपणा चालतो. तुमच्या 290 मिमीवर ते जेमतेम पावणेदोन मिमी होतं; तुमचा सूतभर म्हणजे तीनच्या वर. ते तुम्ही काढलंत, ठीक. पण जादा पुली मध्यावर कशाने आलीय? नुसत्या बोल्टांनी असेल तर ती मध्यावर नाहीच. बोल्टाचं काम दाबून धरायचं. मध्य धरायला मागे कॉलर लागते, मूळ पुलीच्या भोकात घट्ट बसणारी. डायल गेज (पुली किती वाकडी फिरते ते दाखवणारं घड्याळ) लावून क्रँक हाताने फिरवा आणि आकडा सांगा.

धागाकर्ता
लावला. 0.6 मिमी. कॉलर नाही, बोल्टच आहेत. लाज वाटली.

प्रतिसाद 2
0.6 म्हणजे पट्टा दर फेरीला ताणला जातो आणि सैल पडतो. 0.1च्या आसपास आणा. पण उडण्याचं खरं कारण हे नसावं, कारण वाकडी पुली एसी बंद असतानाही वाकडीच फिरते. तेव्हा पट्टा का टिकतो?

प्रतिसाद 3
तो क्रॉस मेंबरचा टेकू आधी काढा!

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. गाडी उचलताना ते एका अंगाला कलतं. कॉम्प्रेसर मात्र तुम्ही अर्धा इंजिनाला आणि अर्धा बॉडीला बांधलाय. इंजिन कललं की टेकू कॉम्प्रेसरला मागे धरतो, प्लेट पिळते आणि पुल्या सुतातून जातात. एसी बंद असताना पट्ट्यावर भार नसतो, म्हणून तो कसाबसा सांभाळून घेतो. तुमची सरळपट्टी लागते ती बंद इंजिनावर, तेव्हा सगळं सरळच दिसणार. टेकू द्यायचा तर ब्लॉकवरूनच द्या, तिसरा बोल्ट शोधून. आणि पट्टा ताणायची चिरही त्याच ब्रॅकेटमध्ये ठेवा.

प्रतिसाद 4
वरच्याशी सहमत. आता 140च्या पुलीबद्दल. आत्ता 120 भागिले 132, म्हणजे 800च्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू, मिनिटाला 800 फेऱ्या) कॉम्प्रेसर सुमारे 727 फेऱ्या घेतो. 140 घातली तर 848. सिग्नलला थंडावा जरा वाढेल, पण तितकाच भार 1.1 लिटरच्या इंजिनावर येईल, तोही आयडलला. आयडल-अप (एसी लागला की आयडलची गती वाढवणारा) लावलाय का? नसेल तर कॉम्प्रेसरचा क्लच लागताच गाडी बंद पडेल. 508 या इंजिनाला मुळातच मोठा आहे; सँडेनचाच 505 हा 87 सीसीचा असतो. पण ज्यांच्या हातात 508 आहे त्यांच्यासाठी लहान क्रँक पुली हाच भार कमी करायचा स्वस्त उपाय. मी 120च ठेवेन.

एसीवाली पुली घालायचीच असेल तर पुलीवरच्या टायमिंगच्या (ठिणगीची वेळ जुळवायच्या) खुणेवर विश्वास ठेवू नका, पहिला पिस्टन वर आणून ताडून बघा. मागच्या खाचेचा व्यासही मोजा. तो वेगळा निघाला तर पाण्याच्या पंपाची आणि अल्टरनेटरची गतीही बदलते. अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे? ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि हेडलाइट एकदम लागले की जुना अल्टरनेटर हात टेकतो.

धागाकर्ता
टेकू काढला. ब्लॉकवर वॉटर पंपाच्या बाजूला एक रिकामा थ्रेड सापडला, तिथून नवा आधार घेतला. पुली परत लेथवर नेऊन मागे कॉलर काढली, आता गेजवर 0.08. शिम मात्र सगळे काढून पुन्हा मोजावे लागले, कारण टेकू गेल्यावर कॉम्प्रेसर आपोआप अर्धं सूत मागे आला. म्हणजे आधीची मापं प्लेट पिळलेली असतानाच घेतली होती!

120च ठेवली. चौथा पट्टा तीन दिवस जागेवर आहे, भुकटी नाही.

आयडल-अप नाही, त्यामुळे सिग्नलला एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवावा लागतो. व्हॅक्यूमवर चालणारा आयडल-अप सिंगल बॅरल कार्ब्युरेटरला कोणी बसवलाय का? व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरून (कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांवरून) घ्यायची की कार्ब्युरेटरवरच्या नळीतून? पायाला कळ लागलीय.