स्फुरद म्हणजे नेमकं काय?

खोडवा:
परवा माती परीक्षणाचा कागद आला. उपलब्ध नत्र, उपलब्ध स्फुरद, उपलब्ध पालाश, म्हंजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश. पंचवीस वर्षं हे शब्द वाचतोय, पण दुकानात गेलं की तोंडातनं निघतं, "एक पोतं दहा-सव्वीस-सव्वीस द्या", नाहीतर "लाल पोटॅश हाय काय?" स्फुरद म्हणून हाक मारणारा शेतकरी आमच्या कागलकडं तरी मी बघितला न्हाई. त्यात भाचा नववीला. चाचणीत विचारलं, 'एन-ए' ही कुठल्या मूलद्रव्याची संज्ञा? पोरानं लिहिलं, नत्र. बाईंनी फुली मारली. म्हणतंय, मामा, तुमच्याच कागदावर वाचलं हुतं.
मला आपलं वाटायचं, पिकाला स्फुरण चढतं म्हणून स्फुरद. खरं काय ते सांगा कुणीतरी.

रंकाळाकाठ:
फार लांब नाही गेलात. धातू तोच, स्फुर्. थरथरणं, लकाकणं. पुढचा 'द' देणाऱ्याचा. जल देतो तो जलद, तशी लकाकी देतो तो स्फुरद. फॉस्फरस या ग्रीक शब्दाचा अर्थही उजेड आणणारा असाच आहे. पहाटेच्या शुक्राच्या चांदणीला ग्रीक लोक तेच नाव देत. म्हणजे आपल्याकडे शब्द करणाऱ्याने आवाजाच्या मागे न लागता अर्थ उचलला.
आता मुळात उजेड कसला, तर 1669 साली जर्मनीत हाम्बुर्गला हेनिग ब्रांट नावाचा गृहस्थ परीस शोधत होता. पिवळ्या रंगावरून त्याला वाटलं, सोन्याचा अंश मूत्रात असणार. म्हणून त्याने बादल्याच्या बादल्या मूत्र आटवलं, उरलेला गाळ कडक तापवला. सोनं कुठलं मिळतंय! मिळाला मेणासारखा एक पदार्थ, आणि तो अंधारात आपोआप हिरवट उजळायचा. हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो म्हणून ती लकाकी. कुणी शोधला, केव्हा शोधला हे नावानिशी माहीत असलेलं हे पहिलं मूलद्रव्य.
तुमच्या पोत्यातला मात्र लकाकणार नाही. तो फॉस्फेटच्या रूपात ऑक्सिजनशी आधीच बांधला गेलाय. आणि दहा-सव्वीस-सव्वीस म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के; त्यातला स्फुरदाचा 26 चा आकडाही निव्वळ फॉस्फरसचा नव्हे, खतवाले पेंटॉक्साइड, म्हणजे फॉस्फरस-ऑक्सिजनचं संयुग, धरून मोजतात. 50 किलोच्या पोत्यात 13 किलो पेंटॉक्साइड, त्यात फॉस्फरस जेमतेम पावणेसहा किलो.

खोडवा:
म्हंजे सर, इतकी वर्षं आमची मापात मारली म्हणायची की!

रंकाळाकाठ:
नाही हो. शिफारशीही त्याच मापात लिहिलेल्या असतात, त्यामुळे हिशेब जुळतो. जुनी रीत आहे, मोडायची कुणाला गरज वाटली नाही एवढंच.

काकवी:
मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आधी भाच्याचं बोलते. फुली मीही मारली असती. 'एन-ए' म्हणजे सोडियम, लॅटिन नावावरून, नेट्रियम. पण पोरगं चुकलं ते मुळाच्या फार जवळ जाऊन चुकलं. इजिप्तच्या वाळवंटात सापडणारा धुण्याचा सोडा म्हणजे नेट्रॉन. ग्रीकांनी त्याला नायट्रॉन म्हटलं. पुढे तेच नाव घसरत घसरत बंदुकीच्या दारूतल्या सोऱ्याला चिकटलं. सोऱ्यात असतो तो वायू म्हणून 1790 मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं नायट्रोजन, सोरा घडवणारा. आपला नत्र त्याच्याच सुरावर बसवलाय. एका आईची दोन लेकरं, एक सोडियमच्या घरी, एक नायट्रोजनच्या. भाच्याला सांगा, मार्क नाही, पण शाबासकी आहे.

खोडवा:
सांगतो मॅडम. आणि पालाश? त्याची संज्ञा तर 'के' असती म्हणं.

काकवी:
पालाश मला तिघांत जास्त आवडतो. संस्कृतात पळसाचं जे ते पालाश. वैद्यकात पलाश क्षार जुना आहे: पळस जाळायचा, राख पाण्यात कालवायची, गाळायची, ते पाणी आटवायचं. युरोपात लाकडाची राख अशीच भांड्यात आटवत, म्हणून पॉट-अ‍ॅश. कृती तीच, आवाजही जवळचा. 'के' आला कॅलियमवरून, आणि तो अरबी अल-कलीवरून. तिथेही झाडाची राखच. माझी आजी चुलीतली राख घेऊन तेलकट पातेली घासायची तेव्हा बोटं बुळबुळीत व्हायची, ती ह्याच पोटॅशने. तेलाचा साबण व्हायचा तिथल्या तिथे.

गुजरीतला:
परीस निघालाच आहे तर आमच्या सराफांच्या गल्लीतली, गुजरीतली, भर. किमया हा शब्द अरबी अल-किमियामधला, फारसीतनं आपल्याकडे आला. केमिस्ट्रीचं मूळही तेच. म्हणजे 'काय किमया केली!' आणि 'केमिस्ट्रीचा पेपर अवघड गेला' ही सख्खी भावंडं. बाकी लोखंडाचं सोनं करणारा कुणी गुजरीत अजून आला नाही. दुकानापुढची माती धुऊन त्यातनं सोन्याचे कण काढणारा झारेकरी तेवढा येतो. खरा किमयागार तो.

काकवी:
एक तक्रार मांडू का? बाजारात 'रसायनमुक्त' अशी चिठ्ठी लावलेला च्यवनप्राश बघितला. च्यवनप्राश हेच आयुर्वेदातलं रसायन! मग डब्यात उरलं काय? असंच सेंद्रियचं. युरिया म्हणजे रासायनिक खत, सेंद्रियच्या अगदी उलट, असं आपण धरून चालतो. रसायनशास्त्रात युरिया पक्का सेंद्रिय, म्हणजे कार्बनी पदार्थ. 1828 मध्ये व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत केला तेव्हा खळबळ उडाली ती याचसाठी, की सजीवाच्या देहातच होणारी वस्तू बाहेर कशी झाली. तोवर युरिया मिळायचा तो मूत्रातूनच, आणि नावही तिथलंच.

रंकाळाकाठ:
दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत, बाई. शेतातला सेंद्रिय आणि पुस्तकातला सेंद्रिय एकमेकांना ओळखत नाहीत इतकंच. शेतातला बदलायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही.

खोडवा:
हे सगळं रात्री घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. भाचा खूश. आई मात्र मूत्रापाशीच थांबली. म्हणाली, "स्फुरदबी तसला आणि युरियाबी तसलाच?" सोप्यात देव्हाऱ्याच्या भिंतीला दोन पोती लावून ठेवली हुती. सकाळी उठून बघतोय तर ती गोठ्यात.