मदत हवी आहे: स्वयंसेवकाने करून दिलेलं सॉफ्टवेअर बंद पडलंय

सुईदोरा: संस्थेला एका स्वयंसेवकाने लाभार्थी नोंदणीचं सॉफ्टवेअर मोफत करून दिलं होतं. आता उघडलं की 'सुरक्षित नाही' असा इशारा येतो, कुणालाच एंट्री करता येत नाही. दुसरे एक जण नव्याने लिहून द्यायला तयार आहेत. हो म्हणू का? लवकर सांगा, अहवाल अडकलाय.

चौकस: कशात लिहिलंय? सर्व्हर कुठे? डोमेन कुणाच्या नावावर? कोड कुणाकडे?

बिनतारी: सरळ सिव्हीसीआरएम घ्या, संस्थांसाठीचं तयार सॉफ्टवेअर. मुक्त स्रोत, वर्डप्रेसवर चालतं, देणगीदार, सभासद, पावत्या सगळं तयार.

पायवाट: @बिनतारी, त्यांना लाभार्थी नोंदवायचेत, देणगीदार नव्हे. आणि सिव्हीसीआरएमची नवी आवृत्ती दर महिन्याला येते, ती कोण चढवणार?

बिनतारी: लाभार्थींच्या नोंदी ठेवायला सिव्हीकेस हा भाग आहे की त्यात! एकाच माणसाच्या डोक्यात असलेल्या कोडपेक्षा केव्हाही बरं.

रानवारा: गावोगाव फिरून माहिती भरायची तर कोबो टूलबॉक्स बघा. फॉर्म ऑफलाइन भरता येतो, नेट आलं की चढतो.

सुईदोरा: अ‍ॅप नकोय हो! सध्याचं जँगोमध्ये (पायथॉन) लिहिलंय, डेटाबेस पोस्टग्रेस आहे. सर्व्हर, डोमेन दोन्ही त्या स्वयंसेवकाच्या खात्यात. त्यांना वेळ नाही, पण सर्व्हरचं लॉगिन दिलंय.

चौकस: मग नव्याने लिहायला अजिबात हो म्हणू नका. बहुधा फक्त साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट (https चं) संपलंय. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं असेल तर ते सहसा 90 दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याचे ईमेल त्या सेवेने 2025 मध्ये बंद केले. सर्व्हरवर 'सर्टबॉट रिन्यू' (सर्टिफिकेट नवं करणारी कमांड) आधी ड्राय-रन, म्हणजे नुसती चाचणी, लावून चालवा, जमलं तर ड्राय-रन काढून. तिथेच अडलं तर फायरवॉलमध्ये पोर्ट 80 (साध्या http चा मार्ग) बंद आहे का पाहा. नेहमीच्या पडताळणीला तो उघडा लागतो.

त्याआधी पीजी-डंपने (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) बॅकअप घ्या. त्यात फक्त डेटाबेस येतो. अपलोड केलेले फोटो, कागदपत्रं मीडिया फोल्डरमध्ये असतात, ती वेगळी उतरवा. एन्व्ह फाइलही (पासवर्ड, सेटिंग्जची) घ्या, ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, सहसा नसते. मग दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून लॉगिन होतंय का बघा. त्याशिवाय बॅकअप झाला असं धरू नका.

पायवाट: आणि ते जुने स्वयंसेवक फोन उचलतायत तोवर डोमेन संस्थेच्या खात्यात घ्या, त्यासाठी ऑथ कोड (डोमेन हलवायचा सांकेतिक कोड) मागा. कोडचे हक्क लेखी काही नसेल तर सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतात, म्हणून एमआयटी किंवा जीपीएल अशा मुक्त परवान्याची फाइल त्यांच्याकडून कोडच्या रेपॉझिटरीत टाकून घ्या.

सुईदोरा: पोर्ट 80 बंदच होता. उघडला, सर्टिफिकेट आलं, एंट्री सुरू! पण ऑफिसच्या मशीनवरून डंप काढला तर शून्य बाइटची फाइल.

चौकस: एरर काय येते ते टाका. 'व्हर्जन मिसमॅच' असेल तर तुमचा पीजी-डंप सर्व्हरच्या पोस्टग्रेसपेक्षा जुना आहे. तो पुढच्या आवृत्तीचा डंप घेतच नाही. सर्व्हरवरच चालवा आणि तयार फाइल खाली उतरवा.